गोट्यांना इतक्यात पाणी नको

९ जानेवारी

आई,

पोचलो. दोघी धड आहोत. छकुली गाडीत माझ्या मांडीवर जी झोपली, ती उतरेपर्यंत उठली नाही.

तुम्ही खोकं भरलंत तेव्हा माझा विश्वास नव्हता, आता सांगते. दारात तुमच्या मुलाने विचारलंच, यात काय म्हणून. मी म्हटलं, आईंची रोपं, प्रदर्शनाला न्यायची आहेत. त्याने खोक्यात हात घातला, आपण म्हातारा म्हणतो त्या निवडुंगाच्या पांढऱ्या केसांतले काटे बोटांत घुसले आणि त्याने शिवी देऊन हात मागे घेतला. कुंड्यांखाली पोरीचे कपडे होते आणि माझे कागद. एवढ्याशा फरकाने निभावलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एकच खिडकी, पण पूर्वेची. लग्नाआधी करत होते तेच काम मिळालंय, चष्म्याच्या काचा घासायचं. मालकीणबाई कमी बोलतात, ते बरंच आहे. छकुलीला शेजारच्या आजी सांभाळतात.

घराचा पत्ता मी कुणालाच दिलेला नाही, तुम्हालाही देत नाही. रागावू नका. तुम्हाला माहीतच नसेल, तर तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही. पोस्टात एक पेटी घेतली आहे, तिचा नंबर खाली लिहिलाय. माझी पत्रं शिवणवाल्या मावशींच्या दुकानात येतील, तिथून घ्या आणि वाचून झाली की जाळा. तुमचा फोन तर तो रोज तपासतो, तेव्हा फोनचं नावच नको.

रोपांचं काय करू? सगळी आक्रसलीत. म्हातारा एका बाजूला कललाय. दगडासारख्या त्या गोट्यांच्या अंगावर सुरकुत्या पडल्यात, बघवत नाही. थोडंसं पाणी घालू का?

भिंगरी

---

१७ जानेवारी

भिंगरी,

पाणी अजिबात घालायचं नाही.

हिवाळ्यात ही रोपं झोपलेली असतात. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ठसका लागतो, तसंच आहे हे. मुळं काम करत नसतात, त्यामुळे घातलेलं पाणी कुंडीत तसंच राहतं, आणि ओल अधिक थंडी म्हणजे कूज. आक्रसली तर आक्रसू देत. त्यात त्यांचं काही बिघडत नाही, बघणाऱ्याचंच बिघडतं.

कुंड्या खिडकीच्या काचेला टेकवू नकोस. उजेड हवा, पण गार वाऱ्याचा झोत नको. म्हातारा कलला असेल तर कुंडी फिरवून ठेव. त्या गोल काटेरीला, जिला तू माझ्या तोंडावर सासूची गादी म्हणतेस, तिला शेवटी जाग येते. तिची घाई करू नकोस.

गोट्यांचं मात्र नीट वाच. दगडासारखी दिसतात म्हणून त्यांना दगडाचं काळीज असतं असं नाही. आता त्यांच्या फटीतून नवी पानांची जोडी वर येत असेल. जुनी जोडी आपला सगळा रस नव्या जोडीला देते आणि स्वतः वाळत जाते. जुनी पानं कागदासारखी होईपर्यंत त्यांना थेंबही द्यायचा नाही. मध्ये पाणी दिलंस तर जुनी पानं पुन्हा फुगतात, नव्यांना दाबतात आणि शेवटी दोन्ही कुजतात. बाकी कशात चुकलीस तरी चालेल, गोट्यांच्या बाबतीत चुकू नकोस.

रात्रीचा गारठा गेला, शेंड्याला हिरवा ठिपका दिसला, की मला लिही. मग पाणी कसं सुरू करायचं ते सांगेन.

आई

---

२५ जानेवारी

आई,

तुमचं पत्र छकुलीला वाचून दाखवावं म्हणून घेऊन बसले. ती म्हणाली, आजीने माझं काय लिहिलंय? मी दोन्ही पानं उलटसुलट केली. मग काहीतरी बनवून सांगितलं.

आई, तुम्ही गोट्यांची चौकशी केलीत, म्हाताऱ्याची केलीत. मला पहिल्यांदा पटलं की रोपांना पाणी नको, आणि मग वाटलं, म्हणजे या बाईंना एवढंच विचारायचं होतं? तुम्हाला माझा राग आलाय का? आला असेल तर तसं लिहा. मुलगा शेवटी तुमचा आहे. पण मग खोकं कशाला भरून दिलंत?

इथे एक वकीलबाई भेटल्यात. त्यांनी कोर्टात अर्ज केलाय, त्याने माझ्या आणि छकुलीच्या जवळ येऊ नये म्हणून. कोर्टाने तात्पुरता आदेश दिलाही. पण तो त्याच्या हातात पडायला हवा, आणि राग तुमच्यावर निघू नये म्हणून त्याच्या कामावर पाठवलेलं पाकीट प्रत्येक वेळी परत येतंय. तो लिफ्ट दुरुस्तीला बाहेर गेलाय असं तिथले लोक सांगतात. तोच त्यांना तसं सांगायला लावत असणार. हे पत्र मात्र नक्की जाळा.

छकुलीचा एक दात पडलाय. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते.

भिंगरी

---

३ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र मी शिवणवालीच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर बसून लिहितेय. मागचं घरी जेवणाच्या टेबलावर लिहिलं होतं आणि तो समोर बसून बूट पुसत होता. कुणाला पत्र, म्हणाला. रोपांच्या मंडळातल्या बाईंना, म्हटलं. त्याने त्यातलं दुसरं पान हातात घेऊन अर्धं वाचलं आणि कंटाळून परत दिलं. त्यात छकुलीचं नाव असतं तर? तू डोक्याने तेज आहेस असं मी समजत होते.

कुठला दात पडला? वरचा की खालचा?

अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. गॅलरीत पाय घसरून पडले, उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. काळजी करू नकोस.

आता दुसरं. तू चिडशील, तरी लिहिते. तो हल्ली निवळलाय. गॅलरीची फुटलेली काच त्याने स्वतः बसवली. तू गेल्याचं कळलं त्या दिवशी त्याने माझ्या ज्या कुंड्या खाली फेकल्या होत्या, त्यांच्या जागी दोन नव्या आणल्या. चुकीच्या आणल्या, सावलीतल्या आहेत, पण आणल्या. परवा जेवताना म्हणाला, छकुली आता मोठी दिसत असेल नाही? आणि मान खाली घालून बराच वेळ तसाच बसला. तो लहान असताना असाच बसायचा.

मी त्याला काही बोलले नाही. पण भिंगरी, गारठा संपला की एकदा, कुणाच्या तरी समोर, बोलायला काय हरकत आहे? मी मध्ये बसेन.

रोपांना अजून पाणी नकोच. मध्येच दोन दिवस ऊन पडेल, त्याला भुलू नकोस. अशा उन्हानंतर जी थंडी येते ती जास्त वाईट असते.

आई

---

११ फेब्रुवारी

आई,

वरचा. समोरचाच. आता स म्हणताना फस्स आवाज येतो आणि तिला त्याचं फार कौतुक आहे.

तुमचं पत्र चारदा वाचलं. चिडले नाही. घाबरले.

इथे दोन दिवस खरंच छान ऊन पडलं. मी पाण्याने भरलेली झारी हातात घेऊन खिडकीशी उभी होते. सगळी रोपं तहानलेली दिसत होती. मग तुमचं वाक्य आठवलं, झारी खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता.

तुम्हीच सांगा, तो निवळलाय हे आपण दोघींनी एकमेकींना किती वेळा सांगितलं असेल? काच त्याने बसवली, पण फोडली कुणी? तो मान खाली घालून बसायचा तेव्हा मलाही त्याची कीव यायची, आई. मी दर वेळी थांबले ती त्याच मानेकडे बघून.

मी बोलायला येणार नाही. तुम्ही मध्ये बसाल म्हणता, पण तुम्ही मध्ये बसलात तर पहिला हात तुमच्यावर पडेल.

मनगटाचं खरं काय ते लिहा. हिवाळ्यात तुम्ही गॅलरीत पाणी सांडत नाही. कोरड्या फरशीवर तुमचा पाय घसरला यावर मी विश्वास ठेवू?

इकडे या. दोन पलंग आहेत. मी आणि छकुली एकावर मावतो.

भिंगरी

---

२० फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तू सुखरूप आहेस हे वाचून आनंद झाला. इकडे सर्व ठीक आहे. माझा हात बरा आहे. तुझा नवरा खूप बदलला आहे आणि तुझी व मुलीची आठवण काढतो. झाले गेले विसरून जावे असे मला वाटते. मी तुला भेटायला यावे म्हणतेस, तर मी एकटीच येईन. पोस्टाच्या पेटीवर माणसाला येता येत नाही. तरी तुझ्या घराचा पूर्ण पत्ता लगेच पाठव. पत्र नेहमीप्रमाणे घरच्या पत्त्यावर टाक.

तू रोपांचे विचारले होतेस. आता थंडी गेली आहे. सर्व रोपांना पाणी सुरू कर. गोट्यांना तर रोज सकाळी भरपूर पाणी घाल, बशी भरून ठेवलीस तरी चालेल. सुरकुत्या पडल्या म्हणजे ती तहानलेली असतात. जुनी पाने हिरवी असतानाच पाणी दिले की ती टवटवीत राहतात. खतही घाल. पत्ता आला की मी येताना चांगले खत घेऊन येईन.

पत्त्याची वाट पाहते.

तुझी सासू

---

२४ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, आईंसाठी नाही. त्यांना देऊही नका.

आईंचं जे पत्र मला आलंय ते त्यांच्या हाताने लिहिलंय, पण मनाने नाही. तो शेजारी उभा राहून लिहून घेत होता याची मला खात्री आहे. कशावरून ते सांगते, म्हणजे तुम्हाला मी उगाच घाबरलेय असं वाटणार नाही.

सूनबाई, आशीर्वाद, हे सगळं एक वेळ सोडा. पत्र घरच्या पत्त्यावर टाक म्हणतात, तेही सोडा. मागच्या पत्रात आई खरोखरच त्याच्याकडे झुकल्या होत्या, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं की आता पूर्णच झुकल्या. मी रडलेसुद्धा. मग रोपांचं वाचलं. गोट्यांना रोज भरपूर पाणी घाल, असं लिहिलंय. जुनी पानं हिरवी असताना घाल, असं लिहिलंय. मावशी, ज्याने असं केलं त्याची रोपं आठवडाभरात चिखल होतात. बाकी कशात चुकलीस तरी चालेल पण यात चुकू नकोस, असं त्यांनीच मला बजावलं होतं. त्याच्या बाजूने लिहिताना सुद्धा त्यांनी रोपांबद्दल एक शब्द खोटा लिहिला नव्हता. हे त्यांनी मुद्दाम लिहिलंय. मी सांगतेय त्यातलं काहीही करू नकोस, असा त्याचा अर्थ आहे.

मावशी, त्यांना भेटता येईल का तुम्हाला? ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्ताने जा. काही विचारू नका, फक्त बघून या. आणि लवकर लिहा, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुमची भिंगरी

---

२७ फेब्रुवारी

भिंगरीबाई

मी लिहायला बसत नाही कधी तेव्हा समजून घे. काल गेले होते टेप आणि अस्तराचं कापड घेऊन. दार त्यानेच उघडलं. हसून म्हणाला या मावशी, आई आहे आत. इतका गोड बोलतो की आपणच पापी वाटायला लागतो. चहा मीच करतो म्हणाला आणि केलाही, पण ओटा असा आहे की तिथून सगळं दिसतं ते तुला माहीत आहे.

ताई बारीक झाल्यात. दंडाचं माप घेताना बाही वर केली तर दंडावर चार बोटं उमटलेली, पिवळी पडलेली. मी टेप धरून तशीच थांबले. त्यांनी मला नजरेने सांगितलं, घे माप. मी आकडा मोठ्याने बोलले आणि काय बोलले देव जाणे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो गॅलरीच्या दारापर्यंत गेला. ताई ओठ न हलवता बोलल्या. तुझं एक पत्र त्याला तांदळाच्या डब्यात सापडलं, पलंगांचं लिहिलेलं. बाकीची जाळली होती, ते एकच त्यांनी ठेवलं होतं, छकुलीच्या दाताचं होतं म्हणून. पत्र पोस्टमनने हातात दिलं असं त्यांनी सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. मग त्याने बसवून उत्तर लिहून घेतलं. वर म्हणाला, नेहमीसारखं रोपांचं पण लिही, म्हणजे तिला शंका येणार नाही. हे सांगताना ताई जवळजवळ हसल्या गं. त्या परिस्थितीत.

कामावर जाताना तो बाहेरून कुलूप लावतो. त्यांचा फोनही त्याने काढून घेतलाय. मी म्हटलं पोलिसांत जाऊ? त्या म्हणाल्या, ते येतील, तो चहा देईल, ते जातील, आणि मग मी राहीन. एवढंच सांग तिला, पत्ता देऊ नको.

तो परत आला तेव्हा मी टाचण्या तोंडात धरून बसले होते. त्याने विचारलं, काय गप्पा चालल्यात. मी टाचण्या दाखवल्या.

काय करायचं ते लवकर ठरव. कुलूप तोडायला माणूस बघून ठेवलाय.

मावशी

---

२ मार्च

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. इतके दिवस मी उगाच मनात अढी धरून होते. छकुलीही बाबांची आठवण काढते.

घरी बोलावलं असतं, पण घरमालकीण पाहुण्यांना येऊ देत नाही आणि तिच्याशी वाद नको. येत्या रविवारी सकाळी मी रोपं घेऊन शहराबाहेरच्या मोठ्या रोपवाटिकेत जाणार आहे, माती बदलायला. छकुलीही असेल. स्टेशनवरून थेट बस आहे, रोपवाटिकेच्या फाटकाशीच थांबते. तिथे या. तिथून मग आपण ठरवू पुढे काय ते.

तुम्ही एकट्या आलात तर बरं. त्याला भेटायचं धाडस अजून होत नाही, पण नंतर होईलही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे गोट्यांना रोज बशी भरून पाणी घालते आहे. सगळ्या सुरकुत्या गेल्या. इतके टवटवीत झालेत की तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही सांगितलंत ते मला बरोबर कळलं.

तुमची सून

---

१० मार्च

मावशी,

आई माझ्याकडे आहेत. हे पहिलं लिहिते, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल.

आपण ठरवलं होतं की तो एकटा निघेल आणि मग तुम्ही कुलूप तोडून आईंना बाहेर काढाल. तुम्ही मोकळ्या घराचं कुलूप तोडलंत तेव्हा तुमची काय अवस्था झाली असेल याची मला कल्पना आहे. कारण इथे माझी तीच झाली.

वकीलबाईंनी मला यायला मना केलं होतं. पण मी त्यांना म्हटलं, फाटकाजवळच्या ऑफिसात आतून कडी लावून बसेन. छकुलीला त्यांच्या बहिणीकडे ठेवलं. कोर्टाचा कागद बजावणारा बेलिफ साध्या कपड्यांत, हातात एक जास्वंदीचं रोप धरून गिऱ्हाईकासारखा उभा होता. दोन पोलीस मातीच्या पोत्यांमागे. त्यातली एक बाई होती, ती सारखी घड्याळ बघत होती. मला वाटत होतं तो येणारच नाही. मग वाटलं, आला तर मी काय करणार आहे?

बस थांबली. आधी तो उतरला. काखेत एक मोठी बाहुली, दुकानातल्या कागदात गुंडाळलेली. मग त्याने वळून हात दिला आणि आई उतरल्या.

मावशी, मी दाराच्या कडीला हात घातला. तो त्यांना आमिष म्हणून घेऊन आला होता. आईंना बघून मी पुढे येईन हे त्याला माहीत होतं. आणि मी आलेही असते, वकीलबाईंनी माझा दंड धरून ठेवला नसता तर. त्याने आईंचं कोपर असं धरलं होतं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती जपतो म्हाताऱ्या आईला.

बेलिफ पुढे झाला, नाव विचारलं. तो सवयीने हो म्हणाला. कागद त्याच्या हातात गेला. आत काय लिहिलंय ते बेलिफने मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या जवळ यायचं नाही, मुलीच्या जवळ यायचं नाही, घर शोधायचं नाही, कुणामार्फत निरोप पाठवायचा नाही, आणि कोर्टाने नेमलेल्या समुपदेशकांना भेटायचं. ते होईपर्यंत पोलीस पोत्यांमागून बाहेर आले होते. तो आधी हसला. काहीतरी गैरसमज झालाय, म्हणाला. त्या पोलीसबाईला तर त्याने ताईसुद्धा म्हटलं. मग त्याचं हसू थांबलं आणि तो हळूहळू आईंकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

ऑफिसची खिडकी उघडी होती, मला स्वच्छ ऐकू आलं. आईंनी नाही म्हणावं म्हणून मी मनात हात जोडले. नाही म्हटलं असतं तर त्याने विश्वास ठेवला असता. सगळे खोटं बोललो असतो आणि निभावलं असतं.

"हो," आई म्हणाल्या. "मीच कळवलं तिला."

त्याची पकड घट्ट झाली ते मला दिसलं. पोलीसबाईने एक पाऊल पुढे टाकलं. तो म्हणाला, "चल घरी." नेहमीच्या आवाजात, जसं बाजार झाला, चल आता.

"नाही येत."

 मला वाटत होतं, आता हात उठेल. पण त्याने कोपर सोडलं. तिथे एक पालथी कुंडी होती, त्यावर बसला आणि मान खाली घातली, ती आपली ठरलेली मान. मावशी, आईंचा हात त्याच्या डोक्याकडे गेला. मी बघत होते. वितभर अंतरावर थांबला. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने, प्लास्टरातल्या बोटांनी, धरून मागे घेतला आणि वळून ऑफिसकडे चालत आल्या. चालताना एकदा अडखळल्या. मागे बघितलं नाही.

त्याला परतीच्या बसमध्ये पोलिसांनीच बसवून दिलं. आई बस जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. बाहुली तिथेच राहिली. ती मी आणली नाही.

घरी आल्यावर छकुली त्यांना चिकटली ती सुटेना. दातांची फट दाखवून झाली, नवा दात कुठून येणार ते सांगून झालं. आई तिच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. चहा घेतला, जेवल्या, झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खिडकीशी उभ्या, प्रत्येक कुंडीच्या मातीत बोट घालून बघतायत. मला म्हणाल्या, इतक्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवतं का कुणी, वारा कुठून खेळणार? मावशी, इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

 काल विचारलं, तुम्हाला पश्चात्ताप होतोय का? त्या म्हणाल्या, "पश्चात्ताप नाही गं. पण तो जेवला असेल का, हे मनातून जात नाही."

तोडलेल्या कुलपाची कडी नीट करून घ्या आणि गॅलरीतल्या रोपांवर लक्ष ठेवा, असं त्या म्हणतायत. आणि त्यांचा ब्लाउज शिवून पाठवा. माप बरोबर नसेल हे त्यांना माहीत आहे.

भिंगरी

---

२२ मार्च

बाळा,

हे पत्र वकीलबाईंच्या परवानगीने लिहितेय. त्यांनी ते वाचलंय. उजव्या हाताने लिहितेय, कारण प्लास्टर निघालं. हाड थोडं वाकडं जुळलंय, पण पेन धरता येतं.

मनगटाबद्दल शेजारी विचारतील. मी पडले असं सांगू नकोस. मीही आता तसं सांगत नाही. इथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. पहिल्यांदा जीभ वळेना, मग वळली.

गॅलरीत माझी रोपं आहेत. तुला वाटेल, मेलीत. मेलेली नाहीत. शिवणवाली त्यांच्याकडे बघायला येईल, पण तिला दुकान आहे, तेव्हा तुला जमणार असेल तर तू बघ. नसेल जमणार तर तिला तसं सांग, फेकू नकोस.

आता खरं काय ते लिहिते, तेव्हा नीट वाच. अजून थोडं थांबायचं. रात्री गॅलरीत उभं राहून शाल घ्यावीशी वाटली नाही, आणि असं बरेच दिवस सलग झालं, की मगच पाणी. त्याआधी शेंड्याकडे बघ. हिरवा ठिपका दिसला, कळी दिसली, काट्यांचा रंग नवा दिसला, की रोप जागं झालं समज. पहिल्यांदा अगदी थोडं द्यायचं, सकाळी, ऊन असताना, कडेकडेने. अंगावर ओतायचं नाही. मग माती पुन्हा पूर्ण वाळू द्यायची. मग थोडं जास्त. ज्याला जाग आलेली नाही त्याला देऊ नकोस, त्याची पाळी नंतर. सगळ्यांना एकाच दिवशी लागत नाही. खताचं नाव काढू नकोस.

तुझ्या हाताला घाई आहे. लहानपणी तू चार बिया पेरल्यास की दुसऱ्या दिवशी उकरून बघायचास. मी हसायचे आणि इतरांना कौतुकाने सांगायचे.

समुपदेशकांकडे तू एकदा गेलास आणि नंतर गेला नाहीस असं कळलं. जा. तिथे चहा करून भागणार नाही, बोलावं लागेल. गेलास की ते मला कळवू नकोस, वकीलबाईंना कळव. मला कळवलंस तर मी लगेच विश्वास ठेवीन, आणि तसं आता मला करायचं नाही.

मी केव्हा येणार, हे तू विचारणार. येईन की नाही हेच मी ठरवलेलं नाही. सकाळी उठले की वाटतं जावं, आणि चहा होईपर्यंत वाटतं नको. त्यावर तुझा काही इलाज चालायचा नाही. रडून नाही, काच बसवून नाही आणि शपथ घेऊन तर मुळीच नाही.

कपाटात वरच्या खणात तुझे लोकरीचे कपडे आहेत, ते उन्हात टाकून मग ठेव. वरण-भात तरी करून जेवत जा. कुकरची शिट्टी सैल आहे, सांभाळ.

पाकिटावर पत्ता लिहिलेला नाही. शोधू नकोस.

आई